एक सीटी स्कॅन म्हणजे किती एक्स-रे? डॉक्टरांमध्येच एकमत का नाही?

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट. ताप आला की घरात पहिला प्रश्न असायचा, "एचआरसीटी केली का? स्कोअर किती?" पंचवीसपैकी नऊ, पंचवीसपैकी चौदा... परीक्षेच्या मार्कांसारखे हे आकडे व्हॉट्सॲपवर फिरत होते. महाराष्ट्र सरकारला तर सप्टेंबर २०२० मध्येच या तपासणीचे दर दोन ते तीन हजार रुपयांत बांधून द्यावे लागले होते.

अशात दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले, एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. लक्षणं सौम्य असतील तर सीटी करू नका, पुढे कॅन्सरचा धोका वाढू शकतो.

रेडिओलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने लगेच हरकत घेतली. हा हिशोब जुन्या मशीनचा आहे, आजची सीटी ५ ते १० एक्स-रेंएवढीच, असं तिचं म्हणणं.

३०० कुठे आणि ५ कुठे! बरं, दोन्हीकडे डॉक्टरच. मग खरं कुणाचं?

गंमत म्हणजे, कागदावर दोन्ही आकडे जवळपास जुळवता येतात. रेडिएशनचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. छातीच्या एक्स-रेचा डोस काही ठिकाणी ०.०२ धरतात, काही ठिकाणी ०.१. नेहमीच्या सेटिंगवर छातीची सीटी साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट. आता ६ ला ०.०२ ने भागा, उत्तर ३००. ०.१ ने भागा, उत्तर ६०. आणि कमी डोसचं सेटिंग लावून तीच सीटी १ च्या आत आणली, तर ०.१ च्या हिशोबाने उत्तर दहाच्या आत.

म्हणजे भांडण मशीनच्या वयाचं कमी, सेटिंगचं जास्त. पण आपल्या गावातल्या सेंटरवर कोणतं सेटिंग लावतात, हे सीटीची चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तरी ठाऊक असतं का?

जुने अभ्यास वाचले तर फार आशा वाटत नाही. २००३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १३० डॉक्टरांची पाहणी छापून आली. वेगवेगळ्या तपासण्यांचा डोस किती, असं विचारल्यावर ९७ टक्के उत्तरं खऱ्या आकड्यापेक्षा कमी निघाली. सोनोग्राफीत असं रेडिएशन नसतंच, हे ५ टक्के डॉक्टरांना माहीत नव्हतं. एमआरआयच्या बाबतीत ८ टक्क्यांना. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका पाहणीत सीटीमुळे कॅन्सरचा धोका वाढतो असं ४७ टक्के रेडिओलॉजिस्ट मानत होते, पण आपत्कालीन विभागातले फक्त ९ टक्के डॉक्टर. आणि सीटी लिहून देणारे हेच दुसरे डॉक्टर!

त्यांना बेफिकीर म्हणणं सोपं आहे, पण तेवढं खरं नाही. डोस दिसतो तो सेंटरमधल्या स्क्रीनवर. डॉक्टरांच्या टेबलावर येते ती फिल्म आणि रिपोर्ट. निदान चुकलं तर जबाबदारी त्यांची. वीस वर्षांनी होऊ शकणारा कॅन्सर मात्र कुणाच्याच खात्यावर लागत नाही.

धोका नेमका किती? अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या २००६ च्या अंदाजानुसार, १,००० जणांना प्रत्येकी १० मिलिसिव्हर्ट डोस मिळाला, तर आयुष्यभरात त्यांच्यातल्या साधारण एकाला त्यामुळे कॅन्सर होऊ शकतो. त्या १,००० पैकी सुमारे ४२० जणांना तो इतर कारणांनी होणारच असतो. म्हणून अपघातात डोक्याला मार लागलाय आणि डॉक्टर सीटी सांगताहेत, तर तिथे घासाघीस करायची नाही. लहान मुलांचा धोका मात्र मोठ्यांपेक्षा जास्त असतो, तिथे विचारायला अजिबात लाजू नका.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. सीटी सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांच्या खिशाला रेडिएशन मोजणारा बॅज असतो आणि त्यांच्यासाठी वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. रुग्णासाठी अशी मर्यादा नाही. त्याच्या बाबतीत फायदा जास्त की धोका, हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

म्हणून चिठ्ठी हातात आली की विचारा: सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागेल का? आधीच्या सीटीची सीडी चालेल का? सीटी झाल्यावर डोसची नोंदही मागा. त्यात 'डीएलपी' नावाचा आकडा असतो. मोठ्या माणसाच्या छातीची सीटी असेल तर त्याला ०.०१४ ने गुणा. डीएलपी ३५० असेल, तर डोस झाला साधारण ५ मिलिसिव्हर्ट.