विषाणू फुप्फुसांचा, धास्ती यकृताला

कोरोना फुप्फुसांचा आजार. मग यकृताच्या रुग्णाने एवढे का धास्तावावे? 2020 मध्ये 29 देशांतल्या, कोरोना झालेल्या 745 जुनाट यकृतरुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सिरॉसिस, म्हणजे यकृत निबर होणे, नसलेल्यांपैकी 8 टक्के दगावले, सिरॉसिस असलेल्यांपैकी 32 टक्के. यकृत पार थकलेल्यांत तर निम्मे. दगावलेल्यांपैकी बहुतेकांचा जीव यकृतामुळे नव्हे, श्वास अपुरा पडल्यानेच गेला. यकृत रक्तातले जंतू टिपते, प्रतिकाराची प्रथिने बनवते. ते निबर झाले की ही राखण ढिली पडते. शिवाय पोटात पाणी साचलेले असेल, तर फुप्फुसांना फुगायला जागाच उरत नाही.

यकृत बिघडले म्हटले की आधी दारू आठवते. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. मोहाची गावठी मात्र मिळतेच. आणि दारूला न शिवणाऱ्यांचेही यकृत मधुमेह, लठ्ठपणा, हिपॅटायटिस बी यांनी बिघडते. जिल्ह्यातल्या सेवाग्राम आणि सावंगी मेघेच्या रुग्णालयांत कोरोनाचे रुग्ण दाखल होत होते, तेव्हा घरोघरी गुळवेलीसारखे काढे उकळत होते. मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला. तरी यकृत आधीच दुखावलेल्याने विचारल्याशिवाय काढा घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत. तापावर पॅरासिटामॉल चालते. पण सिरॉसिसमध्ये सहसा दिवसाला 2 ग्रॅमपर्यंत, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या चारच गोळ्या.