काळी गाडी : आधी झिलई की आधी कवच?

स्टाफ पार्किंगमध्ये दुपारी चारच्या उन्हात एकदा चक्कर मारून बघा. पांढरी किंवा सिल्व्हर गाडी पंधरा दिवस धुतली नसली तरी फार वाईट दिसत नाही. काळी गाडी मात्र आज सकाळी धुतलेली असली तरी तिच्या बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळं विणल्यासारखं दिसतं. मालकाला विचारलं तर म्हणतो, "अहो, मागच्याच महिन्यात पॉलिश करून घेतलंय!" तो काही खोटं बोलत नसतो. पण त्या 'पॉलिश'मध्ये नेमकं काय लावलं, कशावर लावलं आणि कोणत्या क्रमाने लावलं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मित्रांनो, ही गोष्ट फक्त गाडीवाल्यांची नाही. आपल्या हॉस्टेलच्या शेडमधल्या काळ्या बाइकच्या टाकीलाही हेच लागू आहे.

नाशिकला गाड्यांचं काही अप्रूप नाही. २००२ साली बाजारात आलेली महिंद्राची स्कॉर्पिओ इथल्याच कारखान्यात तयार झाली आणि काळी स्कॉर्पिओ म्हटलं की गावोगावी लोक मान वळवून बघायला लागले. पण काळा रंग दिसतो जितका रुबाबदार, तितकाच तो सांभाळायला नखरेल. असं का, ते आधी पाहू.

काळ्यावरच चरे का दिसतात?

मेसमधलं घासून घासून जुनं झालेलं स्टीलचं ताट घ्या आणि त्यावर मोबाइलचा टॉर्च मारा. प्रकाशाभोवती गोल गोल वर्तुळं दिसतील. आता टॉर्च सरकवा. वर्तुळंही त्याच्याबरोबर सरकतात! म्हणजे ताटावर गोल चरे नाहीतच. चरे सगळ्या दिशांना आहेत; पण त्यातले जे ठराविक कोनात असतात तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्याकडे फेकतात आणि म्हणून वर्तुळाचा भास होतो. गाडीच्या रंगावरचं 'जाळं' म्हणजे हाच प्रकार. बाजारात त्याला स्वर्ल मार्क म्हणतात.

पांढऱ्या गाडीवरही हे चरे असतातच. पण पांढरा रंग स्वतःच इतका प्रकाश परत पाठवतो की त्या गर्दीत चऱ्यांचा प्रकाश हरवून जातो. काळा रंग आत गेलेला जवळजवळ सगळा प्रकाश गिळतो. मागे अंधार आणि पुढे चऱ्याची पांढरी रेघ. फळ्यावर खडूची रेघ उठून दिसते, तसंच हे.

हे चरे पाडतं कोण? बहुतेक वेळा आपणच. रस्त्यावरची धूळ म्हणजे नुसती माती नसते, त्यात खडीचा बारीक चुरा असतो. आपल्याकडची खडी काळ्या बसाल्ट दगडाची; गाडीच्या वरच्या थरापेक्षा ती कितीतरी कठीण. सकाळी घाईत कोरडा फडका फिरवला की तो फडका सँडपेपरचं काम करतो.

जाडी किती, आणि खर्च किती?

कारखान्यात पत्र्यावर आधी गंज रोखणारे थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट अशी रचना असते. सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ! उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवतो तो हाच.

चरे घालवायचे दोन मार्ग आहेत. पहिला, मशीन लावून चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा पृष्ठभाग घासून सपाट करायचा. हा खरा इलाज. पण त्यात क्लिअर कोटचे दोन-चार मायक्रॉन कायमचे जातात. दरवर्षी दसऱ्याला कंपाउंड मारून घ्यायची सवय असेल, तर हिशोब तुम्हीच करा. ही एफडी आहे, तिच्यात भर कधीच पडत नाही. फक्त पैसे काढता येतात.

दुसरा मार्ग म्हणजे काहीही न घासता चरे भरून टाकायचे. यालाच ग्लेझ म्हणतात. आपल्या भाषेत यासाठी छान जुना शब्द आहे : झिलई. ग्लेझमध्ये तेलं असतात आणि अतिशय बारीक भरणद्रव्यं, उदाहरणार्थ केओलिनसारखी मऊ माती. हे मिश्रण चऱ्यात जाऊन बसतं.

भरल्याने चरा दिसेनासा का होतो?

इथे बारावीचं ऑप्टिक्स कामाला येतं. प्रकाश हवेतून १.५ अपवर्तनांकाच्या थरावर सरळ पडला तर सुमारे ४ टक्के परत फिरतो. चऱ्याच्या वाकड्यातिकड्या भिंतींवरून हा ४ टक्के प्रकाश भलत्याच दिशांना उडतो आणि आपल्याला पांढरी रेघ दिसते. आता चऱ्यात हवेऐवजी १.४६ अपवर्तनांकाचं तेल भरलं, तर तेल आणि क्लिअर कोटच्या सीमेवरून परतणारा प्रकाश ०.०२ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे जवळजवळ दोनशेपट कमी! चरा जागेवरच असतो, फक्त त्याचा आवाज बंद होतो.

श्रावणातली सर पडून गेल्यावर काळारामाच्या देवळाचा दगड बघा. कोरडा असताना करडा वाटणारा दगड भिजल्यावर गडद काळा दिसतो. पाणी त्याच्या खडबडीत पृष्ठभागावरच्या खाचा भरून काढतं, हेच कारण. पाणी वाळलं की दगड पुन्हा करडा. ग्लेझचंही तसंच. उन्हात तापलेल्या काळ्या बॉनेटवर त्यातलं तेल पातळ होतं, शाम्पूने धुतलं की निघून जातं, आणि काही धुण्यांनंतर जाळं परत हजर होतं. ग्लेझला स्वतःचा टिकाव असा नाहीच. म्हणून त्यावर काहीतरी झाकण हवं असं वाटतं, आणि इथेच खरा गोंधळ सुरू होतो.

सीलंट आणि कल्हई

सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमरचं पातळ कवच. पाणी, धूळ, पक्ष्यांची विष्ठा यांच्यापासून ते काही महिने रंगाचं रक्षण करतं. पण ते टिकतं कशामुळे? क्लिअर कोटला घट्ट धरून राहिल्यामुळे. मध्ये तेलाचा थर आला तर धरणार कशाला?

ज्यांनी घरी भांड्यांना कल्हई होताना पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. कल्हईवाला आधी पितळेचं भांडं घासूनपुसून स्वच्छ करतो, भट्टीवर तापवतो, नवसागर टाकून उरलासुरला मळ काढतो आणि मगच कथील फिरवतो. भांडं जरा तेलकट राहिलं की तिथे कथील धरत नाही. सीलंटचा स्वभाव अगदी तसाच आहे. त्याला उघडी, कोरडी, तेल नसलेली जागा लागते.

वॅक्सचं मात्र तसं नाही. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं मेण. ते पृष्ठभागावर नुसतं बसतं, त्यामुळे तेलकट झिलईवर ते आनंदाने राहतं. म्हणूनच प्रदर्शनात ठेवायच्या गाड्यांवर ग्लेझ आणि वर वॅक्स ही जुनी जोडी आहे. दिसतं अप्रतिम, टिकतं मात्र कमी.

मग क्रम कोणता?

तीन रस्ते आहेत.

एक : ग्लेझ लावून त्यावर वॅक्स. लग्न, दसरा, फोटो अशा एखाद-दुसऱ्या दिवसासाठी उत्तम. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा करायची तयारी हवी.

दोन : स्वच्छ रंगावर आधी सीलंट, ते वाळून पक्कं व्हायला डबीवर लिहिलेला वेळ (बहुतेकदा १२ ते २४ तास), मग हलक्या हाताने ग्लेझ आणि शेवटी वॅक्स. कवच पत्र्याला चिकटलेलं राहतं आणि झिलई त्याच्यावर. फक्त या ग्लेझमध्ये क्लीनर किंवा घासणारी पूड नसावी, नाहीतर ते कालच लावलेलं सीलंटच खरवडून टाकेल.

तीन : सीलंटखाली चालेल असा ग्लेझ. काही ग्लेझ ॲक्रिलिकवर आधारलेले असतात आणि त्याच कंपनीच्या सीलंटखाली लावण्यासाठीच बनवलेले असतात. डबीवर तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच हा मार्ग धरावा. एका कंपनीचा ग्लेझ आणि दुसरीचं सीलंट अशी खिचडी नको.

कोणताही रस्ता घ्या, सुरुवात एकच. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असायला हवा. दोन बादल्या घ्यायच्या, एक शाम्पूची आणि एक हातमोजा किंवा स्पंज खळखळून काढायला. बोअरचं पाणी असेल तर गाडीवर वाळू न देता लगेच मायक्रोफायबरने टिपायचं, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके काळ्यावर ठसठशीत बसतात. कपडे धुण्याची पावडर अजिबात नको. ग्लेझ अगदी थोडा घ्यायचा आणि आधी एका कोपऱ्यात लावून बघायचा.

घेणाऱ्याने सावध राहावं

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. ग्लेझ घासत नाही, लपवतो. आपल्याच गाडीवर आपण लपवलं तर हरकत नाही. उलट क्लिअर कोटची बचत होते. पण जुनी गाडी विकताना तीच झिलई 'नवीकोरी कंडिशन' म्हणून खपवता येते. आपल्यापैकी अनेक जण नोकरी लागली की पहिली गाडी सेकंडहँडच घेणार आहेत. तेव्हा काळी गाडी सावलीत किंवा संध्याकाळी पसंत करू नका. भर उन्हात बघा. मालकाची परवानगी घेऊन एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन भाग पाणी यांच्या मिश्रणाने बॉनेटचा वीतभर भाग हलकेच पुसा. तेल निघून गेलं आणि तेवढ्याच भागात जाळं उगवलं, तर समजा झिलई होती. गाडी वाईट आहे असं नाही, पण किंमत मात्र झिलईची देऊ नका.

थोडक्यात काय, झिलई डोळ्यांसाठी आणि कवच रंगासाठी. दोघांना कामं वेगळी आहेत, म्हणून जागाही वेगळ्या. येत्या खंडेनवमीला गाडीला हार घालण्याआधी एवढं लक्षात ठेवा, आणि तो कोरडा फडका कायमचा डिकीतून काढून टाका!