डोईवरचा इतिहास

ऐतिहासिक नाटकाची तालीम वाचकांनी कधी पाहिली आहे काय? संवाद पाठ होतात, तलवारीही मिळतात. घोडे अडते ते डोक्यापाशी!

शिरूरकडच्या आमच्या विद्यार्थ्यांनी गॅदरिंगसाठी संभाजीमहाराजांच्या अखेरच्या दिवसांवरचा प्रवेश निवडला. वढू बुद्रुकची समाधी त्यांच्याच तालुक्यातली, तेव्हा अभिमान होता. भाड्याच्या पोशाखांचे गाठोडे सुटले आणि त्यातून निघाल्या चार पुणेरी पगड्या. ही पगडी एकोणिसाव्या शतकातली. 2009 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण 1689 सालच्या सरदाराच्या डोक्यावर ती म्हणजे मावळ्याच्या मनगटावर घड्याळच! मुले म्हणाली, “सर, लोकांना काय कळतंय?”

मला वा. सी. बेंद्रे आठवले. एके काळी इब्राहीमखान नावाच्या भलत्याच गृहस्थाचे चित्र शिवाजीमहाराजांचे म्हणून घरोघर पुजले जात होते. बेंद्र्यांनी अस्सल चित्र शोधून 1933 साली लोकांपुढे ठेवले. वढूच्या समाधीचा शोध घेणारेही तेच. लोकांना कळत नाही असे मानून ते स्वस्थ बसते, तर आपण अजून त्या खानालाच मुजरा करीत राहिलो असतो.

मग आम्ही चित्रे जमवली. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात महाराजांची सतराव्या शतकातली चित्रे आहेत. त्यांत दिसते ते डोक्याला चापून बसलेले पागोटे, त्यावर तुरा, अंगात जामा, कमरेला पटका. आणखी एक बारकावा सापडला. त्या काळी जाम्याचे बंद हिंदू डाव्या बगलेखाली बांधीत, मुसलमान उजव्या. आमच्या शिंप्याने आरशात बघून माप जुळवले आणि पहिला जामा नेमका उलटा शिवला! तो पुन्हा उसवावा लागला.

पागोट्यासाठी जुनी मलमल मिळाली. पण बांधणार कोण? एका मुलाचे आजोबा दौंडकडचे. लग्नात फेटे बांधण्यात त्यांचा हातखंडा. चित्र डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिले, मग कापडाला तिरपा पीळ दिला. चार वेळा सोडले, पाचव्यांदा जमले. मुलगा उठला तो मान ताठ करूनच. कोणी शिकवावे लागले नाही.

पुढचा प्रश्न मात्र अवघड होता. दौंडहून भीमा ओलांडली की पेडगावचा बहादूरगड लागतो. तिथे बादशहाच्या छावणीत कैदी छत्रपतींची उंटावरून धिंड निघाली. ‘मासिर-इ-आलमगिरी’ या मोगली तवारिखेत डोक्यावर चढवलेल्या लाकडी टोपीचा उल्लेख आहे. प्रवेशात ती हवी होती.

आजोबा म्हणाले, “मास्तर, पागोटी म्हणाल तेवढी बांधून देतो. पण राजाच्या डोक्यावर ती टोपी माझ्या हातनं जायची नाही.”

मुलांत वाद झाला. इतिहास आहे तो दाखवलाच पाहिजे, असे काहींचे म्हणणे. मलाही ते पटत होते. पण टोपीचे वर्णन दोन शब्दांचे; तिचा आकार आम्हीच कल्पनेने ठरवला असता, आणि पाहणाऱ्याने तोच खरा मानला असता. ज्या चुकीसाठी पगड्या परत पाठवल्या, तीच पुन्हा केली असती.

शेवटी टोपी केली नाही. रंगमंचावर पहारेकऱ्याने राजाचे पागोटे उतरवून जमिनीवर ठेवले, एवढेच. आपल्याकडे पागोटे उतरवणे म्हणजे काय, हे कोणाला सांगावे लागत नाही. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

पडदा पडल्यावर आजोबा विंगेतून वाकत वाकत आत आले. त्यांनी ते पागोटे उचलले, झटकले आणि कपाळाला लावून मुलाच्या हाती दिले. पोशाखाचा अभ्यास कशासाठी, हे विद्यार्थ्यांना समजावण्याचे माझे काम त्या रात्री उरले नाही.