विश्लेषण : पेशी मेल्याचे सांगणारी अँटीबॉडी कशी पारखतात?

कर्करोगाच्या औषधाने पेशी मरू लागल्या का, हे पाहण्यासाठी संशोधक ‘कॅस्पेज-३’ हे प्रथिन तपासतात. निरोगी पेशीत ते अखंड, निष्क्रिय असते. पेशीमृत्यूची प्रक्रिया सुरू झाली की त्याचे तुकडे होऊन ते सक्रिय होते. त्यामुळे केवळ तुकडा ओळखणारी अँटीबॉडी लागते. ती अखंड प्रथिनालाही चिकटली, तर निरुपयोगी औषधही गुणकारी भासू शकते.

पारख कशी?
अखंड प्रथिन सुमारे ३५ किलोडाल्टनचे, तुकडे १७ व १९चे. वेस्टर्न ब्लॉटमध्ये पट्ट्या तुकड्यांच्याच जागी हव्यात. ‘एमसीएफ-७’ या स्तनकर्करोगाच्या पेशींत कॅस्पेज-३ नसतेच. तिथेही पट्टी उमटली, तर अँटीबॉडी दुसऱ्याच प्रथिनाला चिकटते आहे.

एकदा तपासले की झाले?
नाही. ब्लॉटमध्ये खरी ठरलेली अँटीबॉडी ऊतींच्या छेदावर चालेलच असे नाही. प्रत्येक पद्धतीसाठी पडताळणी वेगळी.