आधी सांगवीकर, मग देशीवाद

‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली आली. पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी ती छापली तेव्हा लेखक भालचंद्र नेमाडे जेमतेम पंचविशीचे होते. आमच्या पिढीच्या हाती ती लागली ऐंशीच्या दशकात, अकरावी-बारावीत. वाचनालयातली प्रत कव्हर निघालेली, खाकी पुठ्ठ्यात शिवलेली आणि समासात आधीच्या वाचकांची पेन्सिलीतली भांडणं.

तोवर आमचं दैवत खांडेकर. त्यांचं तत्त्वज्ञान वहीत उतरवून घेता यायचं. त्याग, ध्येय, जीवन यांवरची वाक्यं आम्ही वळणदार अक्षरात लिहायचो, खाली लाल शाईची रेघ मारायचो. ‘कोसला’तून मात्र वहीत घेण्याजोगं काही सापडेना. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला जातो, होस्टेलवर राहतो, नको त्या उठाठेवी करून खिशाला खार लावून घेतो, नापास होऊन घरी परततो. झालं. मधेच एक अख्खं वर्ष डायरीच्या त्रोटक नोंदींत उरकलेलं. मोठी माणसं ज्याला आयुष्य घडवणं म्हणत होती, त्या सगळ्याकडे हा पोरगा तिरकं बघत होता. आम्हाला तेवढं पुरेसं होतं. त्याच्यासारखं बोलायची साथच आली मग. घरच्यांनी काही विचारलं की खांदे उडवायचे, हेच आमचं तत्त्वज्ञान.

पण त्या थट्टेखोर पुस्तकात मनी मरते. पांडुरंगाची धाकटी बहीण, देवीच्या साथीत. तिथवर फटकळपणे बोलणारा निवेदक एकाएकी लहान मुलासारखा होतो. ती पानं वाचताना खांदे उडवता येत नाहीत. नेमाड्यांचा विचार मला पहिल्यांदा भेटला तो तिथे, पण त्याला नाव नव्हतं.

नाव नंतर आलं. कॉलेजात गेल्यावर मास्तरांकडून त्यांचे देशीयतेवरचे लेख मिळाले. साहित्य आपल्या मातीतून उगवावं, परक्या रोपांची कुंडीतली हौस पुरे, असा एकूण रोख. भाषा सणसणीत, वाचून अंगात वारं शिरायचं. इंग्रजी शिकवणारा हा माणूस इंग्रजीच्या वर्चस्वावर तुटून पडतो याची आम्हाला गंमतही वाटे, अभिमानही. १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘टीकास्वयंवर’ला, म्हणजे समीक्षेला, मिळाला आणि कादंबरीकाराच्या पुढे विचारवंत उभा राहिला. पुढची पोरं तर आधी देशीवाद शिकली, मग जमलं तर ‘कोसला’ वाचली. हा क्रम मला आजही उलटा वाटतो.

कारण लेखांतलं गाव आणि कादंबरीतलं गाव एक नाही. लेखांत गाव म्हणजे मूळ, आधार. कादंबरीत सांगवीकर गावी परततो तो हरून. वडिलांचा दरारा, रिकामटेकड्यांच्या गप्पा, कसलाही आधार न देणारा दिवस. मनी मेली तीही त्याच घरात, शहरात नाही. ‘बिढार’ आणि पुढच्या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील इंग्रजीच्या नोकऱ्या करत गावोगाव बिऱ्हाड हलवतो, त्याला तर मूळ धरायलाच फुरसत नाही. सिद्धांत मांडणारे नेमाडे ठाम आहेत, गोष्ट सांगणारे नेमाडे सारखी शंका काढतात. मला दुसरे जास्त शहाणे वाटतात.

२०१० मध्ये ‘हिंदू’ ही कादंबरी आली. २०१४ च्या ज्ञानपीठानंतर वाद पेटले ते बहुतेक मुलाखती आणि भाषणांवर. पुस्तक वाचून भांडणारे थोडे. पुस्तकात मोहेंजोदडोचं उत्खनन टाकून नायक खंडेराव घरी येतो, बाप मरणपंथाला लागलेला असतो. मग आठवणींचा लोंढा सुटतो, आणि त्यात त्या समृद्ध घरातल्या, भावकीतल्या बायकांचे भोग एकामागून एक बाहेर पडतात. देशीवादाच्या व्याख्यानांत या बायका मला कधी ऐकू आल्या नव्हत्या.