माळ्यावरचा बुद्धिबळाचा डबा: फ्रेंच की अमृतसरी?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिलांचा विश्वचषक जिंकला. नागपूर म्हणजे आपल्या रायपूरकरांसाठी रेल्वेने काही तासांचं माहेर. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये खुद्द रायपुरातच आंतरराष्ट्रीय ग्रँडमास्टर स्पर्धा झाली होती. मुलं बुद्धिबळ खेळायला लागली की घरात जुन्या डब्याची आठवण निघते. ‘आजोबांचा लाकडी सेट होता ना, कुठे गेला?’ मग माळा उपसला जातो. दुसरीकडे कुणीतरी मोबाइलवर शोधतं आणि समोर येतं ‘व्हिंटेज फ्रेंच चेस सेट’. फोटो सुंदर, किंमत घाम फोडणारी.

या दोन्ही वेळी प्रश्न एकच असतो: हातातली वस्तू नक्की काय आहे? उत्तर चुकलं तर एक तर भंगारवाल्याच्या पोत्यात खरा ऐवज जातो, नाही तर नव्या मालासाठी जुन्याचे पैसे मोजले जातात.

आधी फ्रेंच सेट म्हणजे काय ते बघू. पॅरिसमध्ये ‘काफे द ला रेजांस’ नावाचं कॉफीहाउस होतं. अठराव्या शतकातला सर्वात मोठा खेळाडू फिलिदोर तिथे खेळायचा आणि १८५८ मध्ये अमेरिकेचा पॉल मॉर्फी तिथे डोळ्यांआड पट ठेवून एकाच वेळी आठ जणांशी खेळला. त्या काळच्या फ्रेंच सोंगट्यांच्या घडणीला याच कॉफीहाउसवरून ‘रेजांस’ म्हणतात. ही घडण आज आपण स्पर्धांमध्ये पाहतो त्यापेक्षा बरीच वेगळी. आजची ओळखीची घडण म्हणजे इंग्लंडची स्टाँटन. ती १८४९ मध्ये लंडनच्या जॅक्स कंपनीने बाजारात आणली आणि हळूहळू जगभर पसरली. फ्रान्समध्ये मात्र रेजांस त्यानंतरही अनेक दशकं टिकून राहिली.

रेजांस सोंगटी सडपातळ असते. तळ रुंद, कंबर बारीक, वर कड्यांवर कडी. राजाच्या डोक्यावर क्रॉस सहसा नसतो, म्हणून राजा आणि वजीर पटकन वेगळे ओळखूच येत नाहीत. उंचीवरून ठरवावं लागतं. हत्ती म्हणजे बारीक बुरूज. उंटाच्या डोक्याला स्टाँटनसारखी चीर नसते, लहानसं गुळगुळीत डोकं असतं. या उंटाची गंमत सांगायलाच हवी. फ्रेंच लोक त्याला ‘फू’ म्हणतात, म्हणजे वेडा किंवा दरबारी विदूषक. पण शब्द आला अरबी ‘फील’वरून, आणि फील म्हणजे हत्ती! आपल्याकडून इराणमार्गे गेलेला हत्ती पॅरिसला पोचेपर्यंत विदूषक झाला.

या सोंगट्या बनायच्या पूर्व फ्रान्समधल्या ज्युरा डोंगराळ भागात, सां-क्लोद गावाच्या आसपास. तंबाखूच्या लाकडी पाइपांसाठी हे गाव प्रसिद्ध. लाकूड कातण्याचं काम तिथे घरोघरी चालायचं आणि डोंगरात बॉक्सवुडची झुडपं होती. बॉक्सवुड फार हळू वाढतं, त्यामुळे लाकूड घट्ट, जड आणि पिवळसर. नुसत्या डोळ्यांना त्याची छिद्रं दिसत नाहीत. विसाव्या शतकात इथल्या दोन कारखान्यांची नावं संग्राहकांच्या तोंडी बसली: शावे आणि लार्दी. लार्दीचं गाव दोर्तां. जुलै १९४४ मध्ये जर्मन सैन्याने ते गाव जाळलं, माणसं मारली. युद्धानंतर तिथे पुन्हा कातकाम सुरू झालं, आणि लार्दीचे स्टाँटन घडणीचे साधे, मजबूत सेट फ्रान्सच्या कॉफीहाउसांत आणि परदेशातही गेले. आज ‘व्हिंटेज फ्रेंच’ म्हणून जे विकायला दिसतं, त्यात बरेचसे हे लार्दी-शावेच असतात. म्हणजे वय पन्नास ते ऐंशी वर्षं, दोनशे नव्हे. विकणारा ‘एकोणिसावं शतक’ म्हणत असेल आणि फोटोत स्टाँटनसारखा चीर असलेला उंट असेल, तर तिथेच थांबा.

आता सेट हातात घ्या, आणि सगळ्यात आधी घोडे. बाकी सोंगट्या कातयंत्रावर निघतात, घोड्याचं डोकं मात्र माणूस हाताने कोरतो. चारही घोडे शेजारी उभे करा. जुन्या सेटमध्ये एकाची मान किंचित जास्त वाकलेली, दुसऱ्याचा कान जाड, आयाळीच्या खाचा कमीजास्त, असं दिसणारच. चौघे तंतोतंत सारखे असतील तर ते यंत्राने कोरलेले समजा. चौघांपैकी एकच अगदी वेगळ्या हाताचा वाटला, तर तो मागाहून घातलेला. कानाची टोकं तुटलेली असणं हा जुन्या घोड्याचा नेहमीचा आजार आहे, त्याला घाबरू नका.

मग सोंगटी उलटी करा. फ्रेंच सेटमध्ये तळाशी शिसं घातलेलं बहुधा नसतं, त्यामुळे हाताला हलका लागतो. तळाला कापड असेल तर ते विटलेलं, कडांना झिजलेलं हवं. काळी सोंगटी नीट बघा: फ्रेंच काळ्या सोंगट्या बहुतेक वेळा बॉक्सवुडलाच काळा रंग देऊन केलेल्या असतात, म्हणून तळाच्या कडेला टवका उडाला असेल तिथे आत पिवळं लाकूड दिसतं. आतही काळंच असेल तर ते आबनूस. एक जुनी युक्तीही आहे. लाकूड वर्षानुवर्षं सुकतं ते सगळ्या दिशांनी सारखं नाही. म्हणून जुन्या राजाचा तळ दोन दिशांनी मोजला, तर कधी कधी केसभर फरक निघतो. गोल तळ थोडा अंडाकृती झालेला असतो. नव्या लाकडात हे क्वचितच.

झीज कुठे आहे हेही बघा. माणूस सोंगटी डोक्याला धरतो, म्हणून रंग तिथे आणि तळाच्या कडेला जातो, खाचांमध्ये शिल्लक राहतो. प्रत्येक खाचेत एकसारखा तपकिरी रंग आणि बत्तीसही सोंगट्यांवर एकसारखी झीज दिसली, तर ते म्हातारपण कुणीतरी एका दुपारी चढवलेलं आहे.

इथे अमृतसरचा विषय येतो. जगभर विकले जाणारे उत्तम लाकडी बुद्धिबळ सेट आज मोठ्या प्रमाणावर अमृतसरमध्ये बनतात. तिथले कारागीर जुन्या इंग्लिश आणि फ्रेंच सेटच्या हुबेहूब प्रतिकृती करतात, जुनाट रंगासकट. त्यात काही गैर नाही. माझ्या मते घोडा कोरणारा अमृतसरचा हात ज्युराच्या हातापेक्षा पुष्कळदा सरस असतो. फसवणूक होते ती दुसऱ्या-तिसऱ्या विक्रेत्यापाशी, जिथे ‘प्रतिकृती’ हा शब्द हळूच गळून पडतो. म्हणून ऑनलाइन घेताना तीन फोटो मागा: तळांचा, चारही घोड्यांचा एकत्र, आणि डब्याच्या आतल्या बाजूचा. द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे पाठवू नका. डबा महत्त्वाचा आहे. सरकत्या झाकणाचा साधा लाकडी डबा, त्यावर कारखान्याची चिठ्ठी किंवा ‘मेड इन फ्रान्स’चा शिक्का असेल, तर सेटची जन्मपत्रिकाच मिळाली.

आणि तुमच्या तात्यापाऱ्यातल्या किंवा चौबे कॉलनीतल्या माळ्यावर जे निघेल ते? खरं सांगायचं तर ते फ्रेंच असण्याची शक्यता कमी, भारतीय शिसवीचं असण्याची जास्त. तरीही वरच्या सगळ्या परीक्षा त्यालाही लागू पडतात, आणि आजोबांच्या बोटांची झीज कोणत्याच बाजारात विकत मिळत नाही. सोंगट्या हस्तिदंती निघाल्या तर मात्र सावध. हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याने बंद आहे, ‘आजीच्या वेळचं आहे’ हे कारण चालत नाही. तसंच शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार आपण परदेशी पाठवू शकत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला सामानात बांधून देण्याआधी हे आठवा.

सेट सापडला की घरातलं पहिलं उत्साही माणूस खोबरेल तेलाची बाटली घेऊन येतं. त्याला तिथेच अडवा. तेल, पाणी, बुटाचं पॉलिश, काहीही नको. मऊ सुका कपडा पुरे. रायपूरचा मे महिना लाकडाला तडे पाडतो आणि कूलरची ओली हवा त्याला फुगवते, म्हणून कपाटाच्या आतला, भिंतीपासून दूरचा कप्पा बरा. बारीक भोकं दिसली तर सोंगटी रात्रभर काळ्या कागदावर ठेवा. सकाळी पांढरी भुकटी पडलेली असेल तर कीड जिवंत आहे. ती सोंगटी बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा.

सोंगट्या मोजा. बत्तीस भरल्या तर उत्तम. एकतीस असतील तर सेट टाकू नका, आधी डब्याचा तळ, जुने पत्त्यांचे कॅट आणि मुलांची खेळण्यांची पिशवी धुंडाळा. नाहीच सापडलं तर कातारी, म्हणजे आपल्या इथला खरादी, हरवलेलं प्यादं कातून देईल. नमुन्याला जुनं प्यादं सोबत न्या, पण काम होईपर्यंत तिथे सोडून येऊ नका. नवं प्यादं घरी आलं की त्याच्या तळाला पेन्सिलीने साल लिहून ठेवा, म्हणजे पुढे कधी तुमची नात चष्मा लावून सेट तपासायला बसली तर तिला ते कुठून आलं हे कळेल.