ओसाका बघावं ते तिथल्या माणसासोबत!

जपानला जाणार असाल तर टोकियोतले दोन दिवस कापा आणि ओसाकाला द्या. जमलं तर तिथल्याच कुणाच्या घरी उतरा. आमच्या यजमान बाई आम्हाला आधी दोजिमाला घेऊन गेल्या. आज तिथे नुसत्या कचेऱ्या. पण १७३० साली इथल्या तांदूळबाजारातल्या वायदे व्यवहारांना शोगुनच्या सरकारने मान्यता दिली होती. सरदारांचा तांदूळ ओसाकाच्या कोठारांत यायचा आणि कोठाराच्या पावत्यांचीच खरेदी-विक्री व्हायची. जगातला पहिला संघटित वायदेबाजार म्हणून त्याचंच नाव घेतात. (दलाल स्ट्रीटवाल्यांनी इथे हात जोडायला हरकत नाही!)

ओसाकाचा किल्ला बाहेरून देखणा, पण मुख्य इमारत १९३१ची, काँक्रीटची. आत लिफ्टसुद्धा आहे. तासाभरात उरका आणि संध्याकाळ दोतोनबोरीच्या कालव्याकाठी खाण्यात घालवा. कुशिकात्सुच्या (काडीला टोचून तळलेल्या तुकड्यांच्या) सॉसचं भांडं सगळ्यांत मिळून असेल तर काडी एकदाच बुडवायची, उष्टी पुन्हा नाही. हा नियम आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, इथे उजवीकडे.

शाकाहारी मंडळींनो, ओकोनोमियाकीच्या (कोबी घातलेल्या जाड धिरड्याच्या) पिठातही बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. यजमानांना आधीच सांगून ठेवा.